माळ्यावरची जुनी छऱ्याची बंदूक: तीन हजारांच्या आत नेमावर कशी आणायची

गावाकडच्या घरांत माळ्यावर किंवा कपाटामागे नळी मोडून भरायची एखादी जुनी एअरगन हमखास निघते. कधी जर्मन डायना ३५, बहुतेक वेळा तिच्या धर्तीवर आपल्याकडे बनलेली ‘३५ नंबर’. होले-पारवे मारायला म्हणून ती घेतलेली असायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता त्या कामाला तिला हात लावायचा प्रश्न उरला नाही. दहा मीटरवरच्या कागदी लक्ष्यासाठी मात्र ती आजही चांगली आहे. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या स्पर्धांत ‘ओपन साईट’ गटात (दुर्बिणीशिवाय, उघड्या साईटवर नेम धरायच्या) साध्या स्प्रिंगच्या बंदुका उतरतात, आणि नवीन मुलाला नेमबाजीची गोडी लावायला याहून स्वस्त साधन नाही.

कामाला सुरुवात करण्याआधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका: ‘पॉवर’. जुनी बंदूक हातात आली की पहिला विचार जोरदार स्प्रिंग टाकायचा येतो, आणि पैसे वाया जातात ते तिथेच. अशा बंदुकीचा नेम बिघडतो तो हवा गळल्यामुळे, काहीतरी ढिलं झाल्यामुळे किंवा छर्रे वाईट असल्यामुळे. यातलं एकही दुखणं जास्त ताकदीने बरं होत नाही, उलट वाढतं.

कायद्याची बाजूही इथेच पाहून घेऊ. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतची नळी आणि २० जूलपर्यंतची ऊर्जा, या दोन्ही मर्यादांत असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. ८.२ ग्रेनचा, म्हणजे सुमारे ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने निघाला तर ऊर्जा होते साडेदहा जूलच्या आसपास. चांगल्या स्थितीतली ३५ नंबर साधारण इथेच असते आणि कागदाला एवढं भरपूर झालं. नळी बदलून ५.५ मिमीची बसवली तर मात्र तीच बंदूक परवान्याच्या कक्षेत जाते. तो उद्योग करू नका.

खर्च करण्याआधी चार तपासण्या

या चारपैकी एक जरी नापास झाली तरी खिशात हात घालू नका.

पहिली, नळी वाकलेली आहे का. नळी उघडी असताना कुणी चाप ओढला तर ती फाटकन मिटते आणि वरच्या बाजूला वाकते. जत्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवरून आलेल्या बंदुकांत हे नेहमी दिसतं. बॅकसाईट (नेम धरायची डोळ्याकडची खाच) अगदी खाली नेऊनही छर्रे वरच लागत असतील तर शंका घ्या. साईट काढून नळीवर स्टीलची पट्टी लांबीने ठेवली आणि मधे उजेड दिसला, तर शंका खरी.

दुसरी, चाप घसरतो का. बंदूक ताणा, म्हणजे नळी खाली मोडून आतली स्प्रिंग दाबा, पण नळी हातातून सोडू नका. तशीच घट्ट धरून दस्त्याला तळहाताने दोन-तीन थापा मारा. अडका (दाबलेली स्प्रिंग अडवून धरणारा चापाचा भाग) सुटून नळी हाताला ओढू लागली तर ही बंदूक बोटं तोडणारी आहे. ती कारागिराकडे जाऊ द्या, नाहीतर भिंतीवर.

तिसरी, दस्ता काढून सिलिंडरच्या (स्प्रिंग आणि हवा दाबणारा दट्ट्या ज्यात असतो त्या लोखंडी नळकांड्याच्या) खालच्या खाचेच्या टोकांना भिंगातून तडा दिसतो का ते पाहा. चौथी, नळी उघडून बिजागरीपाशी डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित हालचाल दुरुस्त होते. खडखडाट होत असेल तर भोकच झिजलेलं असतं.

आधी मोजा

दहा मीटर फितीने मोजा. लक्ष्याच्या मागे लाकडी खोक्यात निदान पाच सेंटिमीटर जाडीचा शाडूचा थर भरा. नुसता पाण्यात मळलेला शाडू चार दिवसांत तडकतो, म्हणून मळताना थोडं गोडं तेल घाला. छर्रा त्यात रुततो आणि परत उडत नाही. लोखंडी पत्रा सरळ उभा करू नका. चपटा झालेला छर्रा थेट तोंडाकडे येतो. मागे पक्की भिंत हवी आणि डोळ्यांवर चष्मा.

वाळूच्या पिशवीवर आपला हात ठेवा आणि हातावर बंदूक. बंदुकीचं लाकूड थेट पिशवीवर किंवा टेबलावर टेकवायचं नाही, कारण पुढे येईल. पाच छऱ्यांचा एक गट, असे पाच गट मारा. गटातल्या सगळ्यांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजून त्यातून ४.५ मिमी वजा केले की गटाचा आकार मिळतो. पाचही आकडे आणि तारीख त्याच कागदावर लिहून ठेवा. पुढची प्रत्येक दुरुस्ती या कागदाशी ताडायची आहे. एका वेळी एकच बदल करा. तीन बदल एकदम केले आणि गट सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कधीच कळणार नाही. बिघडला तर आणखीच पंचाईत.

गट ३०–४० मिमीचा आला तर घाबरायचं कारण नाही. धडधाकट जुनी स्प्रिंगची बंदूक उघड्या साईटवर, टेकू घेऊन, १० ते १२ मिमीपर्यंत येते. तुलना करायची तर स्पर्धेच्या एअर रायफल लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं.

फुकटात होणाऱ्या दुरुस्त्या

स्क्रू. पुढच्या लाकडाला दोन्ही बाजूंनी एकेक आणि चापाच्या कडीपाशी एक किंवा दोन. स्प्रिंगची बंदूक प्रत्येक बाराला आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका देते, त्यात हे स्क्रू हळूहळू सुटतात. अर्ध्या फेऱ्याने ढिला झालेला स्क्रू गट दुप्पट करू शकतो. ते काढा, पेट्रोलने पुसा, दातेरी वायसर घाला, निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सुटू न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावून कसा. लाल थ्रेडलॉक नको, पुढच्या वेळी स्क्रूचं डोकंच तुटेल. भोकाभोवतीचं लाकूड चेपून स्क्रू आत धसत असेल तर तिथे ॲल्युमिनियमच्या नळीचा छोटा तुकडा अरालडाईटने बसवा. मग स्क्रू लाकडाऐवजी धातूवर कसला जातो.

नळी. मासेमारीची नायलॉन दोरी दुहेरी करून तिच्या फासात सुती कापडाचा तुकडा अडकवा आणि नळीच्या मागच्या बाजूने तोंडाकडे ओढा. पहिले दोन-तीन तुकडे रॉकेलमध्ये ओलसर करून पिळलेले, नंतरचे कोरडे, पांढरा तुकडा पांढरा निघेपर्यंत. दहा-पंधरा तुकडे लागतात. तारेचा ब्रश घालू नका. छऱ्यात बारूद नसते, नळीत साचतं ते शिसं आणि जुनं तेल. हे करताना नळी खाली झुकलेली ठेवा, म्हणजे रॉकेल दट्ट्याच्या बाजूला उतरणार नाही.

नळीचं तोंड. छर्रा ज्या कडेवरून शेवटचा सुटतो ती कड गोल आणि एकसारखी हवी. कान साफ करायची कापसाची काडी आतून बाहेर काढत कडेभोवती फिरवा. धागे जिथे अडकतात तिथे कड चेपलेली आहे. उपाय स्वस्त आहे: आठ-दहा मिमी गोल डोक्याचा पितळी स्क्रू हातड्रिलमध्ये पकडा, डोक्याला ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा. नळीत बोटभर आत कापसाचा बोळा घाला, म्हणजे पेस्ट आत जाणार नाही. मग ड्रिल सावकाश फिरवत, सोबत हात गोलगोल हलवत वीस सेकंद घासा, पुसा, काडी फिरवून बघा. कडेभोवती सारख्या रुंदीची चकचकीत रेघ दिसली की थांबा. बोळा मागून पुढे ढकलून काढा आणि दोन ओली-कोरडी कापडं ओढा.

छर्रे: पहिला खरा खर्च

बजेटमधले पहिले पैसे इथे घाला. दोन-तीन वेगवेगळ्या बनावटींचे डबे घ्या: एखादा देशी, एखादा गामो मॅच, जमलं तर एच अँड एन किंवा जेएसबी. दहा मीटरवर चपट्या तोंडाचा छर्रा कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो, मोजायला बरं. छऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४९ पासून ४.५२ मिमीपर्यंत वेगवेगळा मिळतो. जुनी नळी जरा मोकळी असेल तर मोठ्या डोक्याचा चालतो. छर्रा बोटाने ढकलल्यावर थोडा अडून मग आत बसला पाहिजे. नुसता घरंगळत गेला तर तो त्या नळीचा नाही.

चेपलेल्या घेराचे छर्रे बाजूला काढा. सोनाराचा ०.०१ ग्रॅमचा काटा मिळाला तर पन्नास छर्रे तोलून बघा. स्वस्त डब्यात ०.०३ ग्रॅमपर्यंत फरक निघतो आणि तो फरक कागदावर उतरतो. डबा घासाघीस न करता घ्यावा, पण बंदुकीने नाकारलेला डबा केवळ महाग होता म्हणून वापरत बसू नये. मागे पिसं लावलेले डार्ट या नळीत अजिबात नकोत, आतल्या खाचा बिघडतात. छर्रे शिशाचे असतात: तोंडात धरू नका, आणि सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ नका.

नळीच्या जोडावरची गळती

नळी मिटल्यावर जिथे सिलिंडरला भिडते तिथे एक वायसर असतो, जुन्यांत चामड्याचा, नव्यांत रबरी ओ-रिंग. त्या जोडावर टिश्यू पेपरची पातळ पट्टी ठेवा आणि छर्रा घालून लक्ष्यावर बार काढा. पट्टी उडाली तर हवा तिथूनच जाते आहे.

जुना वायसर टोकदार सुईने काढा, खाचेचा व्यास आणि खोली कॅलिपरने मोजा, आणि हार्डवेअरच्या दुकानातून त्या मापाची नायट्राईल ओ-रिंग आणा. ती नळीच्या पृष्ठभागापेक्षा पाव ते अर्धा मिमी वर दिसली पाहिजे. कमी पडली तर खाली जाड कागदाचा गोल तुकडा घाला. जास्त वर असेल तर नळी पूर्ण मिटत नाही आणि प्रत्येक बाराला तिची जागा बदलते. गट उभा लांबट येऊ लागला की इथे पाहा. चार-पाच रुपयांच्या या रिंगने जेवढा फरक पडतो तेवढा कधी कधी नव्या स्प्रिंगनेही पडत नाही.

पोट उघडणं

वरचं सगळं करूनही बंदूक मलूल असेल, छर्रा शाडूत जेमतेम रुतत असेल किंवा बाराला ‘टणण’ असा झंकार येत असेल, तरच आत शिरा. बंदूक ताणलेली नसतानाही आतली स्प्रिंग थोडी दाबलेलीच असते. बंदूक उघडताच ती पाच सेंटिमीटरपर्यंत उसळू शकते, आणि तो जोर हाताने पेलण्यासारखा नाही. सुताराचा लांब बार क्लॅम्प किंवा जाड लाकडाच्या चौकटीत बसवलेला १२ मिमी थ्रेडेड रॉड, यापैकी एक हवंच.

बंदूक ताणलेली नाही याची खात्री करा. दस्त्याचे स्क्रू काढून लोखंडी भाग वेगळा करा. नळीकडचं टोक लाकडी खाचेत, चापाकडचा ठोकळा क्लॅम्पच्या जबड्यात. एक-दोन फेरे कसले की आडव्या पिना ढिल्या पडतात. पंचने त्या बाहेर ढकला. आता क्लॅम्प सावकाश सोडा आणि ठोकळा किती मिलिमीटर मागे आला ते लिहून ठेवा, जोडताना लागेल. चेहरा कायम बाजूला. जुन्या डायनाच्या चापात तीन पोलादी गोळ्या असतात, त्या टपकन पडतात. खाली चादर अंथरून बसा. मग बिजागरीचा बोल्ट काढला, ताणायची दांडी सोडवली की दट्ट्या मागून सरकून बाहेर येतो.

स्प्रिंग काचेवर लोळवा. ती डगमगत लोळली तर वाकली आहे. बदलायची असेल तर जुन्याच्या मापाची घ्या: तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या, बाहेरचा व्यास. जाड तारेची घ्यायचा मोह झाला तर आधी गणित करा. ३.२ मिमी तार आणि ३६ वेटोळी म्हणजे पूर्ण दाबली गेल्यावर स्प्रिंग ११५ मिमीची. ताणलेल्या स्थितीत आत निदान १२० मिमी जागा नसेल तर वेटोळी एकमेकांवर आपटतात, ताणायची दांडी वाकते, नाहीतर अडका झिजतो. नव्या स्प्रिंगची दोन्ही टोकं आधी ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर गुळगुळीत करा. झंकाराचं मूळ स्प्रिंग आणि तिच्या आतल्या मार्गदर्शक दांडीमधल्या फटीत असतं. लेथवाल्याकडून नायलॉनची दांडी करून घ्या, स्प्रिंग तिच्यावर थोडी दाबून चढली पाहिजे. दट्ट्याच्या आत स्प्रिंगभोवतीची फट भरायला शीतपेयाच्या प्लास्टिक बाटलीचा सरळ भाग कापून गुंडाळा. फुकटचा माल आहे, पण काम चोख करतो.

दट्ट्याचा वायसर

रॉकेलच्या स्टोव्हचा पंप बसला की त्याचा चामडी वायसर तेलात भिजवून फुगवायचे, ते आठवत असेल तर ही रचना समजावून सांगायला नको. जुन्या बंदुकीतही वाटीच्या आकाराचा चामडी वायसर असतो. तो नुसता सुकला असेल तर तेलाने परत जिवंत होतो. फाटला असेल आणि तयार सुटा भाग मिळत नसेल, तर घरी करता येतो. चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं हवं. कोल्हापुरी चपलेला बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं तसलं, तीन-चार मिमी जाडीचं. ते कोमट पाण्यात भिजवून, सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या लाकडी साच्यात बोल्टने दाबून दोन दिवस सावलीत वाळवा. धारदार पात्याने कड सरळ कापा आणि सिलिकॉन तेलात रात्रभर ठेवा. दट्ट्या अंगठ्याच्या दाबाने सरकला पाहिजे. हवेचं भोक (सिलिंडरमधून नळीत हवा जाते ते) बोटाने बंद करून ढकलला तर गादीसारखा परत आला पाहिजे.

बसवण्याआधी सिलिंडरच्या खाचेच्या कडांवरून बोट फिरवा. या कडा ब्लेडसारख्या असतात आणि नवा वायसर आत जातानाच कापला जातो. पॉलिश पेपरने त्या मोडा, आणि वायसर सरकवताना खाचेवर बाटलीच्या प्लास्टिकची पट्टी धरा.

तेलपाण्याचा नियम सोपा आहे: वायसरच्या मागे मॉलिब्डेनमचं ग्रीस, वायसरच्या पुढे काहीही नाही. दट्ट्याच्या मागच्या घेरावर, स्प्रिंगवर आणि बिजागरीवर बोटाने पुसून घेतल्यासारखा पातळ थर पुरे. सिलिकॉन तेल चामड्याला चांगलं, पण लोखंडावर लोखंड घासतं तिथे ते कुचकामी आहे. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल हवेच्या भोकात सोडण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. दाबाखाली हवा इतकी तापते की ते तेल पेटतं. नळीतून धूर येतो, बार कडाडतो, ऐकणाऱ्याला वाटतं बंदूक जोरात आली. प्रत्यक्षात वायसर जळत असतो आणि प्रत्येक छऱ्याचा वेग वेगळा पडत असतो.

जोडणी उलट क्रमाने. पहिले वीस-तीस बार थोडा धूर येईल, मग थांबला पाहिजे. रिकामा बार कधीही काढू नका. पुढे छर्रा नसेल तर दट्ट्याला हवेची गादी मिळत नाही, तो थेट लोखंडावर आदळतो.

चापाबद्दल थोडक्यात: साफ करा, आडव्या पिनांना ग्रीसचा ठिपका द्या, एवढंच. अडक्याच्या कडेला कानस लावून चाप हलका करण्याचं ज्ञान बरेच जण देतात. त्या कडेचा कोन एका अंशाने चुकला की वरच्या दुसऱ्या तपासणीत बंदूक नापास.

साईट आणि पकड

दुर्बीण घेऊ नका. स्प्रिंगचा दुहेरी झटका स्वस्त दुर्बिणीची काच ढिली करतो, आणि लांब पल्ल्यासाठी बनलेली असेल तर दहा मीटरवर चित्र अंधुकच राहतं. त्याऐवजी फोरसाईटवर (नळीच्या तोंडाकडच्या पात्यावर) कापराची काजळी धरा. चमक गेली की पातं काळंभोर आणि रेखीव दिसतं. नेमबाजांची ही जुनी युक्ती आहे, खर्च एका कापराच्या वडीचा.

बॅकसाईट ज्या बाजूला सरकवाल त्याच बाजूला छर्रा सरकतो. दोन साईटमधलं अंतर ४५ सेंटिमीटर असेल तर दहा मीटरवर बॅकसाईटचा एक मिलिमीटर म्हणजे कागदावर २२ मिमी. म्हणून कागदावर पाव इंच चुकलं तर साईट केसभरच हलवायची असते.

आणि पकड. दट्ट्या सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत बंदूक हलायला लागलेली असते. ती दर वेळी सारखीच हलली तर छर्रे एकत्र लागतात. डाव्या हाताचा तळवा उघडा, चापाच्या कडीच्या थोडा पुढे, बंदूक तोलात राहते तिथे. बोटांनी आवळायचं नाही. उजव्या हाताची पकड सैल, दस्ता खांद्याला नुसता टेकलेला. टेबलावर लाकूड टेकवून मारलं की बंदूक उसळते आणि सगळा गट दोन-तीन सेंटिमीटर वर सरकतो.

पुन्हा पाच गट मारा आणि पहिल्या कागदाशेजारी ठेवा. शंभर छऱ्यांनंतर दस्त्याचे स्क्रू एकदा तपासा. बंदूक ताणून ठेवू नका, तासाभरासाठीही नाही, स्प्रिंग बसते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रेक्झिनच्या खोळीत ठेवलेल्या नळीवर पंधरा दिवसांत गंज धरतो. खोळ काढून टाका, बाहेरून हलक्या तेलाचा हात फिरवा आणि कपाटात, कुलपात, आडवी ठेवा. छर्रे दुसऱ्या कपाटात.